लिंबाच्या पाण्यातली शिवराई

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात. गावाकडच्या सामाईक शेतात, जुनं घर पाडलं त्याच्या मागच्या पडीक तुकड्यावर, ते सुटीत हौसेनं घेतलेला मेटल डिटेक्टर फिरवत होते. वीतभर खोलीवर, फुटक्या मडक्याच्या खापरांमध्ये तांब्याची तीसेक नाणी एकत्र मिळाली, काही एकमेकांना चिकटलेली. त्याच शेतात इतरत्र एक चांदीचा वाटणारा रुपया (राजाचं डोकं, साल बहुधा १९४२) आणि दोन जड, करड्या-पांढऱ्या चकत्या मिळाल्या. एकीवर हत्तीसारखं काहीतरी दिसतं. त्यांनी तांब्याची तीन नाणी लिंबू-मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली. दोनांवर ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरं दिसली, पण नाणी गुलाबी झाली. तिसरं कोरंच निघालं. आता कोणी व्हिनेगर सुचवतं, कोणी मोबाइलच्या चार्जरनं वीज सोडायला सांगतं. वडिलांना वाटतं, ही साक्षात शिवाजी महाराजांच्या वेळची नाणी, देव्हाऱ्यात ठेवावीत. चुलतभाऊ म्हणतो, वाटून घेऊ आणि विकू, लाखांनी जातात. ‘उरलेली नाणी खराब न करता साफ कशी करायची, आणि ती नेमकी कुणाची हे कसं ओळखायचं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

आधी एक काम करा. पत्र टाकल्यानंतरच्या दिवसांत आणखी नाणी कशात बुडवून ठेवली असतील तर ती बाहेर काढा, टिपकागदावर सावलीत वाळू द्या. बाकीची आहेत तशी, मातीसकट, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवा. मग पुढचं सावकाश वाचा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: नाणं ओळखायचं तर ते आधी स्वच्छ हवं. आपल्याला ते साहजिक वाटतं, कारण तांब्या-पितळेला कळंक चढला की चिंच लावून घासायचं हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण भांड्यावरचा कळंक चार दिवसांचा असतो आणि त्याच्याखाली भांडं शाबूत असतं. जमिनीत दीडदोनशे वर्षं पडलेल्या नाण्याचं तसं नसतं. ओलावा, हवा आणि मातीतले क्षार यांच्या संगतीत तांब्याचा वरचा भाग हळूहळू खनिजात बदलतो. धातूला लागून लालसर ऑक्साइडचा थर बसतो, त्याच्यावर हिरवा कार्बोनेटचा. हे होताना बऱ्याचदा अक्षरांचा उठाव त्या थरातच राहतो आणि खालचा धातू गंजून जातो. लाकडाचा कोळसा झाला तरी त्यावर लाकडाच्या रेषा दिसत राहतात, तसंच हे.

म्हणून तुमचं तिसरं नाणं कोरं निघालं. ते आधीपासून कोरं होतं असं समजू नका. त्यावरची अक्षरं बहुधा धातूत उरलीच नव्हती, ती हिरव्या-लाल थरात होती, आणि लिंबानं तो थरच विरघळवला. उरलेल्या दोन नाण्यांचा धातू नशिबानं बरा होता, म्हणून अक्षरं दिसली. पुढच्या सत्तावीस नाण्यांमध्ये कुठलं कोणत्या जातीचं आहे हे वरून कळत नाही, आणि लिंबाला तर मुळीच कळत नाही. व्हिनेगर, चिंच, कोकम, टॉयलेट क्लीनर, भांडी चमकवायच्या पावडरी ही सगळी त्याच कुळातली. चार्जरचा प्रयोग त्याहून वाईट, कारण त्यात थर पापुद्र्यासारखा उचकटून येतो आणि कुठे थांबायचं ते हातात राहत नाही.

तुमच्या मिश्रणात लिंबापेक्षा मीठ अधिक घातक होतं. तांब्याच्या जुन्या वस्तूंचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. ते धातूत शिरून बसतं, आणि हवेतला ओलावा व प्राणवायू मिळाला की त्याच्यापासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं, असं चक्र चालू राहतं. संग्रहालयातली माणसं याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. चांगला हिरवा थर गडद, गुळगुळीत आणि टणक असतो, नखानं निघत नाही. रोगाचा हिरवा फिका, पिस्त्याच्या रंगाकडे झुकणारा, भुकटीसारखा असतो. ठिपक्यांनी फुटतो आणि नाणं टिचकावलं की पिशवीत झडतो. पावसाळ्यात तो जास्त दिसतो, कारण हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया जोर धरते.

म्हणून त्या तीन गुलाबी नाण्यांसाठी एवढं करा. डिस्टिल्ड वॉटर आणा. बॅटरीत भरायचं पाणी मिळतं ते चालतं, मात्र बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही ना, हे दोनदा बघा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. प्रत्येक नाणं वेगळ्या काचेच्या वाटीत बुडवा, पाणी रोज बदला, दोनेक आठवडे चालू द्या. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि महिन्यातून एकदा भिंगातून पाहा. फिकी हिरवी भुकटी दिसली तर घरगुती उपाय नकोत. त्यावर बेंझोट्रायाझोल नावाचं रसायन वापरतात, पण ते विषारी आहे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हाताळायचं नाही. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू शास्त्रीय पद्धतीनं जपणाऱ्या माणसाचं. गुलाबी रंगाचं म्हणाल तर काही वर्षांत तो आपोआप तपकिरी होईल. कृत्रिम रंग चढवायच्या फंदात पडू नका.

आता उरलेल्या सत्तावीस नाण्यांकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे: एकत्र सापडलेला हा साठा तुम्ही स्वतः साफ करू नये. का, ते पुढे कायद्याच्या आणि वाटणीच्या भागात येईल. पण हे सदर वाचणाऱ्या अनेकांकडे आजीच्या डब्यातली, विहिरीच्या गाळातली, नांगराला लागलेली सुटी नाणी असतात, त्यांच्यासाठी रीत सांगून ठेवतो.

आधी फोटो आणि वजन. मग नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, काही दिवस. माती मऊ झाली की मऊ ब्रशनं, पाण्याखालीच, दाब न देता. खाचांतली माती काढायला बांबूची टोकदार काडी किंवा बाभळीचा काटा उत्तम, कारण दोन्ही तांब्याच्या थरापेक्षा मऊ असतात. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश, टूथपेस्ट यांना जवळही येऊ देऊ नका. हे सगळं दहापटीच्या भिंगाखाली करायचं, सराफ वापरतात तसल्या. माती निघाली आणि हिरवा थर लागला की थांबायचं. नुसतं अक्षर वाचता यावं म्हणून हिरवा थर काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो मोह झाला की नाणं ठेवून दिवा तिरका करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाण्याच्या पातळीत, अगदी आडवी धरून फिरवली की जे घासून दिसलं नसतं ते सावल्यांत दिसतं. वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून सहा-आठ फोटो काढा. तुमचे ‘श्री राजा शिव’ या पद्धतीनं बहुतेक लिंबाशिवायही वाचता आले असते.

ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची एक जुनी पद्धत फार लोकप्रिय आहे. वरवर ती सौम्य वाटते. तेलातली आम्लं हळूहळू थर खातात, आणि तेल भेगांत मुरलं की नंतर संवर्धकाला काही करताच येत नाही. सोडून द्या.

चांदीच्या रुपयाचं सोपं आहे. साल १९४२ असेल तर ते सहाव्या जॉर्जचं नाणं. वजन करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. हे जुन्या १८० ग्रेनच्या तोळ्याचं वजन, आणि कंपनी सरकारनं १८३५ मध्ये सगळीकडे एकच रुपया चालू केला तेव्हापासून ते तसंच राहिलं. मात्र चांदी तशीच राहिली नाही. आधीच्या रुपयांत ९१.७ टक्के चांदी असे, युद्धकाळात १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो. त्याच्या आधीचा एखादा ‘चांदीचा’ रुपया चुंबकाला चिकटला तर तो नकली समजा. तुमच्या रुपयाला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, एवढंच पुरे. ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याचा सोडा हा उपाय चकाकी आणतो खरा, पण पृष्ठभाग मेणचट, मेलेला दिसू लागतो आणि जाणकाराला लांबून कळतं. सराफाकडेही नेऊ नका, कसोटीवर ओढलेली रेघ परत भरून येत नाही.

त्या दोन करड्या-पांढऱ्या चकत्यांविषयी तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो. जड, करडं, वर पांढरट पूड, हत्ती. हे शिसं असू शकतं, आणि शिशाची हत्तीवाली नाणी म्हटलं की पहिलं नाव सातवाहनांचं येतं. महाराष्ट्रात त्यांनी शिसं, तांबं आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी भरपूर पाडली. मागच्या बाजूला चार वर्तुळं अधिकच्या चिन्हानं जोडलेली दिसतात का, ते तिरक्या प्रकाशात पाहा. त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. कडेनं ब्राह्मी अक्षरं असू शकतात. तसं असेल तर ती नाणी तांब्याच्या साठ्यापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी ठरतात, आणि मग मुद्दा नाण्यांचा उरत नाही, जमिनीचा होतो. तुमच्या शेताची माती आजूबाजूपेक्षा पांढुरकी आहे का? गावात त्या तुकड्याला ‘पांढरी’ म्हणतात का? नांगरताना काळी-लाल खापरं, मणी, जळक्या विटा वर येतात का? असं असेल तर ती जुनी वस्ती आहे. तिथे डिटेक्टर आणि खुरपं दोन्ही आजच बंद करा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा.

शिशाला पाणीही लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर तांब्याला मानवतं पण शिशाला खातं, आणि लिंबू-व्हिनेगर तर त्याला थेट विरघळवतात. त्या विरघळलेल्या पाण्यात विषारी शिशाचे क्षार असतात, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका, हातमोज्यांनी धरा आणि नंतर हात धुवा. लाकडी पेटी, लाकडी कपाट, पुठ्ठ्याची डबी हेही वर्ज्य, कारण लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाची हळूहळू पांढरी भुकटी करते. वडिलांना हे कारण सांगा. देव्हारा लाकडी असतो, तिथे रोज पाण्याचा शिंतोडा आणि हळदकुंकू. तांब्याला ते वाईट, शिशाला त्याहून वाईट.

शिवराईबद्दल, म्हणजे तुमच्या या तांब्याच्या नाण्यांबद्दल, वडिलांना काय सांगायचं, हे जरा नाजूक आहे. नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं, यात वाद नाही. पण ते तिथेच थांबलं नाही. महाराजांच्या पुढच्या छत्रपतींनी, सातारकरांच्या आणि पेशव्यांच्या काळात ठिकठिकाणच्या टांकसाळींनी तेच शब्द पाडत ठेवले. लोकांचा त्या नावावर विश्वास होता, म्हणून नाव बदललं नाही. त्यामुळे शिवराई सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ‘शिव’ हे अक्षर दिसलं म्हणजे नाणं महाराजांच्या हयातीतलं असं ठरत नाही. ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, बरीच उशिराची. बाकी नाण्यांचा काळ ठरवताना जाणकार अक्षरांचं वळण पाहतात, ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, ठिपके कुठे, कुठलं चिन्ह आहे, किती वजन भरतं. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि सगळी नाणी मोजून वजनाप्रमाणे गट पाडा. हे मातीसकटही बऱ्यापैकी जमतं.

वडिलांना हिरमुसायचं कारण नाही. लहानशा मडक्यात कुणीतरी पुरून ठेवलेली रोजच्या बाजाराची चिल्लर, ही गोष्टही काही कमी नाही. आणि इथे एक गमतीचा नियम लागू होतो: साठ्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं मडकं कधी पुरलं ते सांगतं, म्हणजे त्याच्याआधी नक्कीच नाही. एकोणतीस शिवराया जुन्या असल्या आणि त्यांत कंपनीचं १८३५ चं पाव आणा सापडलं, की तुमच्या घराच्या इतिहासाला एक पक्की तारीख मिळाली. त्या एका नाण्यासाठी सगळी एकत्र असावी लागतात.

इतर वाचकांसाठी थोडं फारसी नाण्यांबद्दल. अक्षरं अर्धवट दिसली तर घाबरू नका. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यानं पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. हिजरी सन वाचता आला तर त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, इसवी सनाच्या जवळ पोचाल: १११८ म्हणजे १७०६-०७, औरंगजेबाच्या मृत्यूचा सुमार. मात्र बादशहाचं नाव दिसलं म्हणून नाणं मोगलांचं असं धरू नका. मराठ्यांनीही बादशहाच्या नावानं रुपये पाडले. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया त्यावरच्या अंकुशाच्या खुणेवरून ओळखला जातो, चांदवडचा चांदोरी म्हणून. नाणं गोल असतंच असंही नाही. कोकणात आदिलशाहीच्या लारी मिळतात, म्हणजे दुमडलेली चांदीची तार; ती केसातला आकडा समजून फेकली जाते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. मडक्यात एकत्र ठेवलेली नाणी जमिनीत मिळाली, म्हणजे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ तुम्हाला लागू होतो. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची कुठलीही वस्तू त्यात येते. हो, दहाच रुपये, मर्यादा त्या काळातली आहे. सापडणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय मिळालं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. शिवाय वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आपला वाटाही जातो. जमीनमालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे. तेव्हा चुलतभावाला हे सांगाच, कारण शेत सामाईक आहे.

कळवल्यावर काय होतं? चौकशी होते, कुणी हक्क सांगतो का ते पाहिलं जातं. निधी बेवारशी ठरला आणि आपसात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला तो ठेवून घ्यावासा वाटला तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन घेता येतो. तांब्याच्या भावानं शिवराई, हे वाचून कुणालाही राग येईल, आणि लोक कळवत नाहीत त्यामागे हा हिशेबही आहे, हे मला मान्य आहे. तरी तुमच्या जागी मी कळवेन. एक तर गावात अशी बातमी झाकून राहत नाही. दुसरं, नोंद झालेला साठा तुमचा म्हणून परत आला तर तो उजळ माथ्यानं ठेवता येतो, कुणालाही दाखवता येतो. न कळवलेला साठा कायम कपाटाच्या तळाशी राहतो. साध्या कागदावर अर्ज लिहा, फोटो आणि वजनांची यादी जोडा, तहसील कार्यालयामार्फत द्या आणि पोच घ्या. लिंबाचा प्रयोगही लिहून टाका, लपवू नका. शंका असेल तर आधी वकिलाला भेटा. दिरंगाई मात्र नको. सुट्या सापडलेल्या रुपयाला ‘दडवलेला’ म्हणायचं की ‘पडलेला’ यावर वाद घालता येईल, मडक्यातल्या साठ्यावर नाही.

वाटणीला माझा विरोध केवळ कायद्यापुरता नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठिकाणी मिळाली. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता, खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसत होता. कुणी कुणाला हरवलं याचा एवढा धडधडीत पुरावा क्वचितच मिळतो. ती नाणी घराघरांत वाटली गेली असती, एखाद्यानं खालचा ‘खराब’ चेहरा घासून काढला असता, तर काय उरलं असतं? तुमचा साठा त्या तोलाचा नसेल. पण तो तुटला की त्याचं जे काही सांगणं आहे ते संपलं.

म्हणून चिकटलेली नाणी सुटी करू नका. तांब्याच्या गंजात कापडाचे धागे टिकून राहतात, कधी पिशवीची वीणसुद्धा दिसते. खापराचे सगळे तुकडे आणि मूठभर माती एका डब्यात ठेवा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, खोली आठवते तशी लिहा. आणि त्या खड्ड्यात पुन्हा उतरू नका. गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेण्याचा विचार या हौसेत पुढेमागे मनात येतो, म्हणून आधीच सांगतो: संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, मग तो एक खिळा काढण्यासाठी असला तरी.

ओळखीसाठी कुणाकडे जायचं? नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे. जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, पट्टी शेजारी ठेवून, वजन आणि व्यासासह तयार ठेवा. नुसतं ‘हे कितीला जाईल’ असं विचारलं की जाणकार माणसं आक्रसतात. ‘हे काय आहे’ असं विचारलं की तासभर बोलतात.

आता लाखांचं. साधी, झिजलेली शिवराई लाखांना जात नाही, आणि लिंबानं गुलाबी झालेली तर त्याहून कमीला. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाच्या गोष्टी ऐकूच नका. राम-सीता किंवा हनुमान असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं नाणं तुमच्या चुलतभावाला कुणी दाखवेल, ते कंपनीनं कधीच पाडलेलं नाही. तांदूळ स्वतःकडे ओढून घेणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याची तर निव्वळ फसवणूक आहे, त्यात माणसांनी शेतं गमावली आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. असल्या व्यवहारात ती बँक नसतेच. चुलतभावाला असा फोन आला आणि समोरच्यानं सौद्याआधी ‘नोंदणीचे’ पैसे मागितले, तर त्यानं फोन ठेवून द्यावा आणि तो नंबर सायबर पोलिसांकडे द्यावा.